जड हात

ता. ११ फेब्रुवारी १९३८, शुक्रवार

आज शेतकी खात्याचे साहेब निपाणीहून मोटारीनं आले. चावडीपुढं सगळं गाव गोळा झालं, ते मोटार बघायला. साहेबांनी कोंड्यात पुरलेली बारा अंडी काढून दाखवली, पांढरीफेक, विलायती जातीची. या जातीची कोंबडी वर्षाला दीडशे अंडी घालते म्हणे, आणि आपली गावठी पन्नास-साठावरच दमते. गावातल्या कुणीतरी ही अंडी गावठी कोंबडीखाली उबवून दाखवायची होती. साहेबांनी तीनदा विचारलं. पाटील आढ्याकडं बघत बसले, बाकीचे पाटलांकडं. शेवटी मीच उठलो.

साहेब खूष. म्हणाले, मास्तर, हे यशस्वी करून दाखवा, येत्या जूनला बेळगावला शिक्षकांचा वर्ग निघणार आहे, त्यात तुमचं नाव घालतो. सात मार्चला सकाळी आठ वाजता पिल्लं बघायला येतो.

बेळगाव म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे कबूल करतो. खानापूरकडचं घर सोडून या एकशिक्षकी शाळेत येऊन दोन वर्षं झाली. कोगनोळीपासून दीड कोस आत, वर्तमानपत्र येतं ते आठवड्यानं, तेही कुणाच्या तरी चटणीला गुंडाळून.

माझ्याजवळ कोंबडी कुठली! पण मी ज्यांच्या सोप्यात राहतो आणि जेवतो, त्या राजाक्काची काळी कोंबडी चार दिवस खुडूक होऊन बसली आहे. राजाक्का म्हणजे राजाबाई. विधवा, पन्नाशीची, विळ्याला नसेल इतकी धार जिभेला. तिचा मुलगा मष्णू निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करतो, शनिवारी घरी येतो. घरात सून दुर्गाबाई. उद्या राजाक्काला गाठतो.

ता. १२ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. कोंबडी तिची, अंडी माझी, पिल्लं निम्मी निम्मी. इकडं याला वाट्यानं बसवणं म्हणतात.

पण बारा अंडी बसवायला राजाक्का तयार होईना. जोडीनं बसवली की नासतात, एकीनंच, म्हणजे विषम आकड्यानंच बसवायची. मी म्हटलं, बरं. तिनं बारावं अंडं तव्यावर फोडलं आणि भाकरीबरोबर मलाच वाढलं. सरकारी अंडं पोटात गेलं. साहेबांना कळलं तर काय, या भीतीनं चव लागली नाही.

खरी लढाई पुढंच झाली. दुर्गाबाई राख पसरलेली पाटी घेऊन आल्या आणि अंडी मांडायला वाकल्या, तर राजाक्का म्हणाली, लांब हो, तुझा हात जड हाय. दुर्गाबाईंनी हात पदराखाली घेतले. इतक्या झटकन घेतले, की हे रोजचंच असणार हे मला कळलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथंच अर्धा तास व्याख्यान दिलं. अंड्याला ऊब लागते, ओल लागते, एकवीस दिवस लागतात, हाताचा जडपणा कुठं मोजतात ते मला दाखवा. आणि शेवटी हट्टच धरला, की अंडी दुर्गाबाईच मांडतील आणि कोंबडीचं दाणापाणीही त्याच बघतील. राजाक्का माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, शिकलेली मानसं तुम्ही, करा मनासारखं. दुर्गाबाईंनी अकरा अंडी एकेक करून मांडली. मी जिंकलो. रात्री झोप छान लागणार.

ता. २० फेब्रुवारी, रविवार

गुरुवारी दुपारी मी मुलांच्या पाट्या तपासत बसलो होतो. दुर्गाबाई दाराआड उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, हाताचं खरंच काय नसतंय?"

त्यांची दोन मुलं गेली हे मला राजाक्काकडून ठाऊक होतं. पहिलं जन्मतानाच, दुसरं तीन दिवसांनी. त्यालाही आता तीन वर्षं झाली, मी इथं यायच्या आधीची गोष्ट. राजाक्का हे सांगते तेव्हा दोन्ही वेळा हातच उचलून दाखवते, सुनेचा म्हणून.

मी छातीठोकपणे सांगितलं, काही नसतं. मुलं जातात ती रोगानं, अशक्तपणानं, सुईणीच्या अज्ञानानं. हातानं काही होत नाही. त्यांनी परत विचारलं, पुस्तकात हाय हे? मी म्हटलं, आहे. कुठल्या पुस्तकात, ते त्यांनी विचारलं नाही हे बरं झालं.

त्या दिवसापासून त्या कोंबडीला नुसतं पाणी ठेवत नाहीत, दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणतात, दाणे खाऊ देतात, पुन्हा नेऊन बसवतात. मला स्वतःचा अभिमान वाटतो. वाटायलाच हवा.

ता. २४ फेब्रुवारी, गुरुवार

माडीच्या कौलातून उतरणाऱ्या कवडशापुढं एकेक अंडं धरून बघितलं. तीन वांझ निघाली, ती काढून टाकली. आठांत जीव आहे. दुर्गाबाईंनी एक अंडं कवडशापुढं धरलं आणि आतली सावली हलली, तेव्हा त्यांनी ते खाली ठेवलंच नाही. हात भरून येईपर्यंत धरून उभ्या होत्या. राजाक्काला मी बोलावलं, ती आली नाही. चुलीपाशी बसून म्हणाली, निघाल्यावर बघीन.

ता. ५ मार्च, शनिवार

एकविसावा दिवस. पहाटेपासून तीन पिल्लं बाहेर! पिवळीधमक. मष्णू निपाणीहून आला, त्यानं एक तळहातावर घेतलं आणि बायकोकडं बघून हसला. दोन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. राजाक्काने ते बघितलं आणि पिल्लं मोजायला लागली.

चौथ्या अंड्याला दुपारी भोक पडलं. आतून चोच दिसते, चिवचिव ऐकू येते, पण पिल्लू पुढं सरकत नाही. मी नख लावणार होतो, तर दुर्गाबाई म्हणाल्या, नका लावू. त्यांच्या माहेरी कोंबड्यांचा पसारा मोठा. टोचा मारल्यावर पिल्लू दम खातं, आतलं रक्त अंगात ओढून घेतं, मग निघतं, त्याला एक दिवस द्यावा लागतो. खात्याच्या माहितीपत्रकात यातलं अक्षर नाही. पण थांबलो.

ता. ६ मार्च, रविवार

हे लिहू नये असं वाटतंय. पण आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

सकाळी मष्णू निपाणीला परत गेला. राजाक्का आणि दुर्गाबाई शाळू काढायला मळ्याकडं गेल्या. जाण्यापूर्वी दुर्गाबाईंनी कोंबडीला पाणी पाजलं आणि मला बजावून गेल्या, उरलेल्या चारही अंड्यांना आत्ता टोचा पडल्यात, हात लावू नका, उद्या सकाळपर्यंत आपली आपण निघतील.

कालचं पिल्लू मात्र तसंच होतं. पुरते चोवीस तास झाले होते. आतला पापुद्रा वाळून कागदासारखा झालेला आणि पिलाच्या पिसांना चिकटलेला. चिवचिव बारीक होत चाललेली. याला आता मदत हवी, एवढं मलाही कळत होतं. पाणी कोमट केलं, धोतराचा सोगा भिजवून पापुद्रा ओला केला, भोकाच्या कडेनं टरफलाचा एकेक कण काढला. अर्धा तास लागला. रक्ताचा थेंब नाही. पिल्लू तळहातावर आलं, ओलं, मान टाकलेलं, पण श्वास घेणारं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

तिथंच उठायला हवं होतं.

पण माझ्या मनात आलं, उद्या आठाला साहेब येणार. उद्या सकाळपर्यंत निघतील म्हणजे कधी? साहेबांसमोर चार पिल्लं आणि चार अर्धवट फुटकी अंडी? आठांतली आठ दाखवली तर बेळगावचं नाव पक्कं. आणि हाताला आता कसब आलंय. एक काढलं, चार काढायला काय जातंय.

पहिलं घेतलं. टरफल सहज निघालं. खालचा पापुद्रा ओला होता, पांढरा, त्यावर लाल शिरा. नख लागलं आणि रक्त आलं. मला वाटलं ओरखडा असेल. पुढं सोललं. पिलाच्या पोटाला बलक तसाच लोंबत होता, आत गेलेलाच नव्हता. त्यानं दोनदा चोच उघडली.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी स्वतःला सांगितलं की हे मुळातच अधू होतं आणि दुसरं घेतलं. दुसऱ्याचंही तेच झालं. मग तिसरं, मग चौथं. प्रत्येक वेळी वाटत होतं, हे जगलं तर मागचं भरून निघेल. चौथ्या वेळी तर काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी सोललं. हे मला स्वतःलाही समजावून सांगता येत नाही.

मग चारही मेलेली पिल्लं टरफलांसकट परत कोंबडीखाली सारली. तिनं पंख उचलून जागा करून दिली.

दिवस मावळताना दोघी आल्या. दुर्गाबाई लगेच पाटीकडं वळल्या, तर राजाक्काने त्यांना पाणी आणायला पिटाळलं, सकाळपर्यंत पाटीकडं जायचं नाही म्हणून बजावलं. मला म्हणाली, मास्तर, आधी नखं धुवा, मग जेवाय बसा. मी धुतली. काल दिवसभर पिल्लं मोजणारी बाई, आज तिनं मोजली नाहीत. दमली असेल.

ता. ७ मार्च, सोमवार

साहेब आठाला आले. सोबत पाटील आणि पंधरावीस माणसं. चार पिल्लं बघून साहेब म्हणाले, वा, गावठी कोंबडीखाली पहिल्याच खेपेला चार म्हणजे उत्तम. चारावरच माणूस खूष झाला. चारच पुरली असती.

तेवढ्यात राजाक्काने सगळ्यांसमोर कोंबडी उचलली आणि ती चार मेलेली बाहेर काढून राखेवर मांडली. म्हणाली, ही बगा, भरल्या अंड्यात मेली. सुनेनं हात लावला, मी नको म्हनत व्हते.

दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. पिलांकडं बघून त्या मागच्या मागं भिंतीला टेकल्या.

साहेबांनी मला विचारलं, मास्तर, काय झालं असेल? सगळे माझ्याकडं बघत होते. माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, ऊब कमी पडली असेल. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. ऊब कमी पडली म्हणजे बघणाराचं लक्ष नव्हतं, आणि बघणारी कोण हे गावाला ठाऊक. हे मला बोलून झाल्यावर सुचलं. की आधीच सुचलं होतं?

ता. ८ मार्च, मंगळवार

राजाक्काने आज लक्ष्मीच्या देवळात कौल लावला. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर सुनेचा दोष नाही, डावी पडली तर आहे. मला साक्षीला बोलावलं होतं, कारण अंडी माझी.

मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. देवळात तीसेक माणसं, बायका वेगळ्या. माझ्या शाळेतल्या पोरांचे बाप सगळे. दुर्गाबाई मूर्तीपुढं बसलेल्या, हात पदराखाली.

कळ्या लावण्याआधी राजाक्का माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, तुम्ही घरातच व्हता. तुम्हास्नी काय ठावं असंल तर आत्ता बोला. एकदा देवीनं सांगितलं की मागनं कुनाचं चालायचं न्हाय."

इतकं सरळ विचारलं. मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही.

कळ्या लावल्या. मी बघत होतो. डावीकडच्या कळीचं देठ जाड होतं आणि दारातला वारा त्याच बाजूनं येत होता. ती पडणार हे कुणालाही दिसलं असतं. ती पडली. घरी येऊन मी हे वारा-देठाचं सगळं मनात नीट मांडलं, जणू उद्या शाळेत शिकवायचं आहे. लोकांना ज्ञान पाजणारा मी, तिथं दगडासारखा उभा होतो.

ता. १० मार्च, गुरुवार

दुर्गाबाईंचा भाऊ आण्णाप्पा त्यांना न्यायला आला. नदीपलीकडं कागलच्या बाजूला त्यांचं माहेर. दोन लुगडी आणि एक तांब्या, एवढंच गाठोडं. मष्णूला निरोपही नाही, शनिवारी आल्यावर कळेल. दुर्गाबाई सोप्यातून जाताना माझ्यापुढं थांबल्या. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

मी नमस्कार घेतला. मागं सरलोसुद्धा नाही.

ता. १६ मार्च, बुधवार

होळी. राजाक्काने पुरणपोळी केली, माझ्या पानात तीन आणि वर वाटीभर तूप. हल्ली दहीही सायीचं असतं. पूर्वी दोन भाकऱ्यांवर तिसरी मागायची सोय नव्हती. सून गेल्यापासून एकटी पडली, म्हणून माझ्यावर माया करत असेल बिचारी.

मष्णू शनिवारी आला होता. आईनं सांगितलं ते खाली मान घालून ऐकलं. चिलीम ओढत बसला, रविवारी निघून गेला. मी त्याला वाटेत गाठून सांगणार होतो. वेशीपर्यंत गेलो देखील. मग शाळेची किल्ली विसरलो असं वाटून परत फिरलो. किल्ली खिशातच होती.

मी मनाला फार कारणं सांगतो. की ती माहेरी सुखात असेल, तिथं सासूची जीभ तरी नाही. की मी बोललो तर नोकरी जाईल, आणि इतकी पोरं अडाणी राहतील. पोरांची मला एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली?

ता. १ एप्रिल, शुक्रवार

पाडवा. आजच दोन गोष्टी झाल्या.

साहेबांचं पत्र आलं. बेळगावच्या वर्गासाठी माझं नाव गेलं आहे. जूनपासून शहरात. महिन्याभरापूर्वी हे पत्र आलं असतं तर मी गावभर वाचून दाखवलं असतं. आज घडी करून वहीत ठेवलं.

आणि सोप्यात पाहुणे जमले. कोगनोळीच्या भावकू नावाच्या कुणा म्हाताऱ्याची मुलगी मष्णूला केली. सुपारी फुटली. लग्न वैशाखात. पाहुण्यांना राजाक्काने माझी ओळख करून दिली, हे आमचं मास्तर, घरच्यासारखं. म्हाताऱ्या भावकूनं विचारलं, पहिलीला का धाडलं? राजाक्का म्हणाली, हात जड हाय तिचा, मास्तरानी डोळ्यानं बघितलंय. सगळे माझ्याकडं वळले.

मी मान हलवली. गप्प बसणं एक झालं. आज मी मान हलवली.

ता. २ एप्रिल, शनिवार

सांगितलं.

राजाक्का अंगणात शेणकाला करत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोललो. पिल्लं मी मारली. चारही. दुर्गाबाईंनी तर हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. उबेचं खोटं, देवळातलं खोटं, कालचंही खोटं. तुम्ही सुपारी परत करा, मी कोगनोळीला येऊन माझ्या तोंडानं सांगतो.

वाटलं, आता बादली अंगावर येईल. तिनं हात थांबवला नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारी विळा विसरला म्हनून मी माघारी आलते. दारातनं बघितलं. तुम्ही तिसरं सोलत व्हता."

मी म्हटलं, मग त्याच वेळी बोलला का नाहीत? ती उठून उभी राहिली. म्हणाली, तिनं दोन नातवंडं परसात स्वतःच्या हातानं पुरली आहेत. मष्णू एकुलता एक. दुसरी केल्याशिवाय घरात पाळणा हलणार नाही, हे ती वर्षभर त्याला सांगत होती, आणि तो बायकोला सोडायला तयार नव्हता. त्याला कारण हवं होतं. ते माझ्या हातून आपसूक चालत आलं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी मायेनं बघितलं, आणि ते मला शिवीपेक्षा लागलं.

"देवळात मी तुम्हास्नी सगळ्यांम्होरं विचारलं व्हतं, मास्तर. देवीला घाबरून विचारलं. तुम्ही बोलला असता तर मी तितंच गप बसले असते, सून नांदली असती. तुम्ही बोलला न्हाईसा, तवा मी म्हनलं, देवीच्याच मनात हाय. आता सुपारी फुटली. आता बोलून मास्तर, तुमचंच मन हलकं हुईल, दुसरं काय न्हाय."

म्हणजे ती तूप-पोळी, ते सायीचं दही. आणि मी तिला बिचारी म्हणत होतो. या वहीत लिहिलंय मीच.

मष्णू संध्याकाळी आला. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, कोगनोळीकरांना शब्द गेलाय, आता ती पोर टाकली तर तिचं कोण करणार? एवढंच बोलला आणि तोंड धुवायला गेला. त्याचा राग आला असता, पण राग यायला मी कोण?

ता. ३ एप्रिल, रविवार

पहाटे निघालो, नदी उतरून नऊच्या सुमाराला पोहोचलो. सुपारी आता फिरत नाही, हे ठाऊक असून गेलो. का गेलो? राजाक्का म्हणते तसं माझंच मन हलकं करायला गेलो असेन. तरी जाणं भाग होतं.

आण्णाप्पा मळ्यात गेला होता, त्याची बायको गोठ्यात होती, म्हातारी आई ओसरीवर कडधान्य निवडत बसलेली. घरात पाळणा होता, त्यात आण्णाप्पाचं चार महिन्यांचं पोर. दुर्गाबाई चौकटीपाशी बसल्या होत्या. वाळल्यात. मला बघून उठल्या आणि पाणी आणून दिलं. तांब्या माझ्या हातात दिला नाही, खाली ठेवला आणि मागं सरकल्या.

मी त्यांच्या आईसमोरच सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. तिसऱ्या पिलाचंही सांगितलं, चौथ्याचंही. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं आणि मला शिव्या द्यायला लागली, पोटातून आलेल्या, एकेक खऱ्या. मी ऐकून घेतल्या. मला त्या बऱ्या वाटल्या.

शिव्या संपल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हातानं न्हाय मेली?"

मला वाटलं होतं, त्यांना ठाऊक असेल. मला वाटलं होतं, त्या मनातून मला गुन्हेगार म्हणत असतील आणि नमस्कार करून मला लाजवून गेल्या असतील. तसं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

त्या सांगत होत्या, आवाज न चढवता. सासू म्हणायची तेव्हा अर्धं खरं वाटायचं, अर्धं नाही. मग मी सांगितलं की पुस्तकात आहे, हाताचं काही नसतं, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणून कोंबडीला दोन्ही हातांनी उचलायला लागल्या. आणि पिल्लं मेली. आणि देवळात सासूनं मला विचारलं, तेव्हा त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "मास्तर शिकलेलं हाईत. हाताचं काय नसतंय तर तेच म्हनतील की. तुम्ही म्हनला, ठावं न्हाय. मग मी म्हनलं, खरंच असंल. तुमास्नी पटलं असंल, पर माझं वाईट वाटू नये म्हनून बोलत न्हाईसा. म्हनून निघताना पाया पडले."

मला जमिनीत जावंसं वाटलं. जमीन काही दुभंगत नाही, तिथंच बसावं लागतं.

मी म्हटलं, दुर्गाबाई, तुमच्या हातात काहीही नाही. पिलांचं तर नाहीच, तुमच्या मुलांचंही नाही. मी देवाशपथ सांगतो. कुठंही, कुणासमोरही सांगतो.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता.

"हे तुम्ही मागं बी सांगितलं व्हतं, मास्तर."

तेवढ्यात पाळण्यातलं पोर उठलं आणि रडायला लागलं. पाळणा दुर्गाबाईंपासून हातभर अंतरावर होता. त्या उठल्या, हात पदराखाली घेतले आणि वहिनीला हाक मारायला गोठ्याकडं गेल्या. वहिनी शेणाचे हात धुऊन येईपर्यंत पोर रडत राहिलं.